दख्खनच्या मातीत मिसळलेला हबशी

रमजानचा रोजा कुणी कारण नसताना, जाणूनबुजून मोडला तर त्याला कफ्फारा द्यावा लागतो. शरियतने त्यासाठी सांगितलेल्या मार्गांपैकी पहिला आहे एका गुलामाला मुक्त करणे. ते शक्य नसेल तर सलग साठ रोजे, आणि तेही झेपत नसतील तर साठ गरिबांना जेवण. जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांतही गुलामगिरीतून मान सोडवू पाहणारा माणूस आहे. मदिनेत अजान देण्याचा पहिला मान मिळालेले हजरत बिलाल हे हबशी होते आणि मुक्त झालेले गुलाम होते. रमजानच्या बयानात हे सारे दरवर्षी ऐकायला मिळते. मात्र मुक्त झाल्यानंतर त्या गुलामाचे पुढे काय होते, ज्या परक्या मुलखात तो येऊन पडला तिथले लोक त्याला आपला म्हणतात का, याबद्दल फारसे बोलले जात नाही.

त्यासाठी अरबस्तानात जायला नको. सोनईहून शिंगणापूरमार्गे घोडेगावला आले की मोठा रस्ता लागतो. त्याच्या एका टोकाला नगर आहे आणि दुसऱ्या टोकाला, प्रवरासंगमला गोदावरी ओलांडल्यावर, छत्रपती संभाजीनगर. यातले पहिले शहर ज्यांनी मोगलांच्या हातून परत घेतले आणि दुसरे ज्यांनी वसवले, ते मलिक अंबर एक विकला गेलेला हबशी मुलगा होते.

इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. त्या देशाला अरबीत हबश म्हणतात, म्हणून तिथला तो हबशी. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. गरिबीमुळे आईबापांनीच विकला असेही सांगितले जाते. त्या काळी हबशी मुलांच्या बदल्यात जो माल आफ्रिकेत जाई, त्यात हिंदुस्थानी कापडही असे. म्हणजे आपल्याकडच्या मागावरचा कपडा तिकडे जात होता आणि त्याच्या मोबदल्यात माणसे इकडे येत होती. चापूला तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात विकले गेले. पुढे तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. या मालकाने मुलाची बुद्धी ओळखून त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे नाव. गुलामांना अशी सुगंधांची, रत्नांची नावे देण्याची रीतच होती. याकूत म्हणजे माणिक, तेही हबशी गुलामांत सर्रास आढळणारे नाव. मालाला शोभेल असे नाव ठेवायचे, एवढाच त्यामागचा विचार.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्याकडे हजारभर हबशी गुलाम होते. सुलतान आणि वजीर इतके गुलाम कशासाठी बाळगत? कारण गुलामाला इथे ना भाऊ, ना मामा, ना वतन. दरबारातल्या कुठल्याही घराण्याशी त्याचे नाते नाही, म्हणून तो फक्त मालकाचा. एकटेपणा हीच त्याची किंमत होती. मात्र दख्खनची ही गुलामी पिढ्यान्‌पिढ्या चालणारी नव्हती. मालक मेला की बहुतेक गुलाम मोकळे होत, शिपाईगिरी करत, इथल्याच बायकांशी लग्ने करत. त्यांच्या मुलांवर गुलामीचा शिक्का राहत नसे आणि ती मुले घरात दखनी बोलत वाढत. पठारावरचे हबशी दोनतीन पिढ्यांत इथल्या समाजात विरून गेले ते यामुळे. कोकण किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दींनी आपले राज्य आणि आपली ओळख राखली. नगर-बीडच्या बाजूला तसे काही उरले नाही.

अहमदनगरचा दरबारही पाहण्यासारखा होता. या घराण्याचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांत होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. इथल्या मुसलमान सरदारांत दोन तट होते. इथेच रुजलेले ते दखनी आणि इराण-तुराणकडून आलेले ते आफाकी. आफाकींना गरीब असेही म्हणत. अरबी-फारसीत गरीब म्हणजे परदेशी. मराठीत आल्यावर या शब्दाचा अर्थ पार बदलला, पण तेव्हाचे हे गरीब चांगले श्रीमंत होते. फारसी त्यांची मातृभाषा, आणि दरबाराची भाषाही तीच. त्यांचे भाऊबंद जहाजाने येत-जात, त्यामुळे इराणशी त्यांचे नाते टिकून होते. हबशीही समुद्रापलीकडूनच आलेले, पण त्यांची गणना होई दखनींमध्ये. त्यांना परतीची वाटच नव्हती. मागे कुणी ओळखणारे उरले नव्हते. राहायचे तर इथेच, आणि इथल्या माणसांच्या आधारानेच.

१५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. तेव्हा वय असेल पंचवीस-सव्वीस. पुढची वीस वर्षे तो या दरबारातून त्या दरबारात चाकरी शोधत फिरत राहिला. विजापूरच्या आदिलशाहीत काही वर्षे काढली, तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला. सिद्दी करीमा नावाच्या हबशी स्त्रीशी त्याचे लग्न झाले. पुढे मुले झाली तेव्हा त्यांतल्या एकाचे नाव चंगेजखान ठेवले. ज्याने आपल्याला विकत घेतले त्याचे नाव आपल्या मुलाला देणे आज विचित्र वाटेल. पण त्या एकाकी माणसाला इथे बापासारखे दुसरे होते तरी कोण?

१५९५ साली मलिक अंबर दीडशेच्या आसपास स्वार घेऊन नगरला परतले आणि अभंगखान या हबशी सरदाराला मिळाले. निजामशाही तेव्हा अखेरचे श्वास मोजत होती. अकबराची फौज येऊन थडकली होती. चांदबिबीने किल्ला लढवला, पण १६०० साली तिच्याच लोकांनी तिला मारले आणि ऑगस्टमध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. अल्पवयीन सुलतान कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. राजधानी गेली, राजा गेला. मोगलांच्या लेखी विषय संपला होता.

मलिक अंबर यांच्या लेखी तो संपला नव्हता. मुलूख अजून शिल्लक होता. पाटील-देशमुख, गढ्या, डोंगरकिल्ले आणि चाकरी सुटलेले हजारो शिपाई शिल्लक होते. विजापूरकडे राहणारा निजामशाही घराण्यातला एक तरुण त्यांनी शोधून काढला. त्याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून त्याची द्वाही फिरवली, आणि त्याच्याशी आपल्या मुलीचे लग्न लावून दिले. बाजारात विकला गेलेला मुलगा सुलतानाचा सासरा झाला.

फौज कुठून आणली हे महत्त्वाचे आहे. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने मलिक अंबर यांच्या सैन्याचा जो आकडा नोंदवला आहे, त्यात त्यांचे जातभाई हबशी दहा हजार आणि दख्खनचे लोक चाळीस हजार. म्हणजे एकास चार. त्या दख्खनींत मोठा भरणा मराठा स्वारांचा होता. भोसले, जाधव यांसारखी घराणी त्यांच्या चाकरीत होती. मोगलांची फौज मोठी, तोफखाना जड, सोबत बाजारबुणगे. तिला समोरासमोर गाठायचे नाही, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, डोंगरात ओढून आणायचे. या पद्धतीला बारगीगिरी म्हणत. ती मलिक अंबर यांनी शोधली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती इथल्या डोंगरांची आणि तट्टांची होती. एका परदेशात जन्मलेल्या सेनापतीने ती इथल्यांकडून आत्मसात केली आणि तिला एका राज्याचे धोरण बनवले, एवढे मात्र खरे.

त्यांनी राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादला नेली. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्लाही मोगलांकडून परत घेतला. सत्तेच्या अगदी शिखरावरची ही वर्षे. आणि याच सुमारास जनानखान्यात एक भांडण झाले.

मुर्तजा निजामशहाची एक बेगम इराणी वंशाची होती. मलिक अंबर यांची मुलगी ही तिची सवत. बोलता बोलता इराणी बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि तिच्या बापाविषयीही वाईट शब्द काढले. ही हकीकत पीटर व्हॅन डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. तो १६१७ मध्ये मलिक अंबर यांना प्रत्यक्ष भेटला होता. मुलीने बापाला कळवले. मलिक अंबर यांनी सुलतानाला आणि त्या बेगमेला, दोघांनाही विष घालवले, आणि पाच वर्षांच्या शहजाद्याला गादीवर बसवले.

मलिक अंबर यांच्या चाहत्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटतो, म्हणून बहुतेक चरित्रांत तो दोन ओळींत आटोपला जातो. सुलतान आधीपासून त्यांच्या विरुद्ध कारस्थाने करत होता, हे खरे आहे. त्यामुळे हे केवळ अपमानाचे उट्टे नव्हते, राजकारणही होते. पण खून तो खूनच, आणि बारगीगिरी किंवा महसुलाच्या सुधारणांनी तो धुऊन निघत नाही. तरीही त्या एका शब्दाकडे दुर्लक्ष करता येत नाही. मुक्त होऊन पस्तीस वर्षे झाली होती. ज्या गादीवर तो सुलतान आणि ती बेगम बसली होती, ती याच माणसाने उभी केली होती. नमाजच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणाऱ्या त्या दरबारी लोकांना महालात आल्यावर त्याची मुलगी गुलामाचीच दिसत होती. हजरत बिलाल यांची गोष्ट त्यांनाही तोंडपाठ असणार.

दिल्ली-आग्र्याकडेही वेगळे काही नव्हते. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत मलिक अंबर यांचा उल्लेख करताना त्यांच्या रंगावरून शिव्या दिल्याशिवाय राहत नाही. त्याच्या दरबारातला चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकाला खोचलेल्या मलिक अंबर यांच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधीच लागले नाही. चित्र मात्र राहिले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहात आहे.

दरबाराने दिली नाही ती जागा मलिक अंबर यांना मिळाली ती खाली, गावपातळीवर. दुष्काळ आणि लढायांनी मुलूख उजाड झाला होता. वसुलीचा मक्ता घेणारे इजारेदार रयतेला पिळत होते. मलिक अंबर यांनी हा मक्ता बंद केला. जमिनींची पाहणी करून त्यांची प्रतवारी लावली. पीक किती येते ते पाहून सरकारचा वाटा ठरवला. तो आधी धान्यात सुमारे दोन पंचमांश होता, पुढे रोख रकमेत सुमारे एक तृतीयांश. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर आणि हिशेब कुलकर्ण्याकडे. पीक बुडाले तर आकारही उतरायचा. हा सारा कारभार चालायचा मराठीतून, मोडी कागदांवर. मराठी दप्तरांत पुढे मलिकंबरी हा शब्दच रूढ झाला. नाव आणि किताब जोडून गावकऱ्यांनी मलिकंबर असा एकच शब्द करून टाकला होता. दादोजी कोंडदेवांनी शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत जी जमाबंदी केली, तिच्यावर याच पद्धतीची छाप होती. सोनई-नेवासे भागातल्या शेतकऱ्याला मलिक अंबर यांचा जन्म कुठे झाला याच्याशी देणेघेणे नव्हते. या वर्षी आकार किती आणि पाऊस चुकला तर काय, एवढेच त्याला पाहायचे होते. त्या प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारा माणूस परका राहत नाही.

दौलताबादजवळच्या खडकी या लहानशा गावाच्या जागी त्यांनी १६१० पासून नवे शहर वसवले. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. शहरासाठी उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून खापरी नळांनी आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यावर शतकानुशतके शहराची तहान भागली. पाणचक्कीचे पाणी याच नहरीचे, असे पर्यटकांना सांगितले जाते ते चूक आहे. ती नहर वेगळी आणि बरीच नंतरची. मुळा धरणाच्या पाटावर वाढलेल्या सोनईकरांना पाणी आणणाऱ्या माणसाची किंमत समजावून सांगायची गरज नाही.

या शहराचे पुरे पाहिले की मलिक अंबर यांनी माणसे कशी जोडली ते कळते. मालपुरा मालोजींचा, खेळपुरा खेळोजींचा, परसपुरा परसोजींचा, विठापुरा विठोजींचा. मराठा सरदारांना राजधानीत जागा देऊन त्यांच्या नावाने वस्त्या बसवल्या. शहराचे नाव पुढे मलिक अंबर यांच्या मुलाने फतेहनगर केले, मग औरंगजेबाने औरंगाबाद. त्यानंतरचे बदल आजच्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत.

मलिक अंबर यांनी जोडलेली ही माणसे कायमची बांधील राहिली, असे मात्र नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मोगलांनी त्यांचा मोठा पराभव केला आणि खडकी लुटून जाळली. तेव्हा मलिक अंबर यांचे काही मराठा सरदार मोगलांना मिळाले होते. हबशी सरदारही मिळाले होते. रक्ताचे आणि देशाचे नाते ऐन वेळी किती कामाचे, हे त्या दिवशी दिसले. किल्ले आणि मुलूख देऊन तह करावा लागला. वय सत्तरीला आले होते. त्यांनी शहर पुन्हा बांधायला घेतले.

शेवटची मोठी लढाई झाली ती नगरजवळच, भातोडीला, १६२४ मध्ये. या वेळी मोगल आणि आदिलशाही दोन्ही फौजा एकत्र चालून आल्या होत्या. मलिक अंबर यांनी भातोडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत चिखलच चिखल झाला, हत्ती-तोफा रुतल्या, रसद तुटली. मग त्यांचे स्वार तुटून पडले. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, अनेक मोगल सरदार कैद झाले. मलिक अंबर यांच्या बाजूने शहाजीराजे भोसले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढले. शरीफजी तिथेच पडले. या दोन्ही भावांची नावे नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवलेली, हे कवींद्र परमानंदांनी शिवभारतात सांगितले आहे. त्याच ग्रंथात भातोडीचे वर्णन आहे आणि मलिक अंबर यांचे नाव आदराने घेतलेले आहे. एका हबशी वजिराच्या झेंड्याखाली, पीराच्या नावाचा एक मराठा तरुण, नगरच्या तलावाकाठी कामी आला.

विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे नाराज होऊन विजापूरला निघून गेले. मलिक अंबर यांना माणसे जोडता येत होती, पण धरून ठेवताना त्यांचा स्वभाव आडवा येई. डच व्यापाऱ्याने त्यांच्या न्यायीपणाचे जसे लिहिले आहे, तसे कडक शिक्षांचेही लिहिले आहे. त्यांच्या छावणीत दारूला थारा नव्हता आणि पिणाऱ्याला मिळणारी शिक्षा ऐकूनच अंगावर काटा येईल अशी होती.

मे १६२६ मध्ये, हिजरी सन १०३५ च्या शाबान महिन्यात, मलिक अंबर यांचे निधन झाले. रमजान काही दिवसांवर आला होता. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. त्यांना खुल्दाबादला, सुफी संतांच्या सान्निध्यात दफन केले. तिथे त्यांनी स्वतःच आपली कबर आधी बांधून घेतली होती. जवळच करीमा बिबींची कबर आहे. ज्या मोगल दरबाराने त्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच दरबारातल्या मुतमदखान या बखरकाराने त्यांच्या मृत्यूची नोंद करताना, युद्धकलेत आणि कारभारात त्यांच्या तोडीचा कुणी नव्हता आणि कुठल्याही हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे इतिहासात आढळत नाही, अशी कबुली दिली. स्तुती करतानाही हबशी आणि गुलाम हे दोन्ही शब्द त्याने गाळले नाहीत.

त्यांचा मुलगा फतेहखान वजीर झाला. त्याच्यात बापाची चिकाटी नव्हती. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला आणि पुढचे आयुष्य लाहोरला बादशाही तनख्यावर काढले. तेतीस वर्षांपूर्वीसारखीच वेळ पुन्हा आली होती. राजधानी गेली होती, सुलतान कैदेत ग्वाल्हेरला होता. आणि तेतीस वर्षांपूर्वी मलिक अंबर यांनी परांड्याला जे केले, तेच आता संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर शहाजीराजांनी केले. निजामशाही घराण्यातला एक लहान मुलगा शोधून आणला, त्याला गादीवर बसवले, त्याच्या नावाने मुलूख ताब्यात घेतला आणि बारगीगिरीने पुढची तीन वर्षे शाहजहानच्या फौजांना झुंजवत ठेवले.